कोण म्हणालं?

१ एप्रिल २०२५, मंगळवार. तलासरी

सकाळी पोलीस ठाण्यातून फोन. कागदपत्रं नसलेल्या दुचाकीसह एकाला आणलंय. नाव, वय २२, पाडा. हवालदार सांगत गेले, मी लिहीत गेलो.

पेपरला सात ओळी पाठवल्या. 'संशयितास चौकशीसाठी ताब्यात घेतले' असं लिहिलं. नाव घातलं. नेहमी घालतो.

ऊन आत्ताच सोसवत नाही.

२ एप्रिल

बातमी आली नाही. जागा नसेल.

३ एप्रिल, गुरुवार

पहाटे गठ्ठा सोडला. पान ५. 'दुचाकीचोर जेरबंद'. संशयित गेला, चौकशी गेली. नाव राहिलं, पाड्यासकट.

त्याच पानावर वर, चार कॉलम, एका बड्या आसामीच्या जमीन व्यवहाराची बातमी. कथित गैरव्यवहार. कथित बनावट दस्त. 'कथित' चार वेळा, मोजले. आसामीचं नाव कुठेच नाही, 'एक व्यावसायिक' एवढंच.

डेस्कला फोन करायला हवा होता. केला नाही.

५ एप्रिल, शनिवार

त्या मुलाची आई आली. बरोबर धाकटी मुलगी, दहावीची परीक्षा दिलेली. बाई उंबऱ्याबाहेरच उभी.

"तूच लिवलंस ना?"

वारली माणूस साहेबालाही तू म्हणतो. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

गाडी मामेभावाची. कागद उंबरगावच्या खोलीवर. भावाने आणून दाखवले, ठाण्यातून सोडलं. २ तारखेच्या संध्याकाळी. गुन्हा नोंदलाच नाही. म्हणजे पेपर छापून आला तेव्हा पोरगा घरी एक रात्र झोपूनही झाला होता.

सोडल्याचं मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

बातमीचा फोटो कुणीतरी लाल गोल काढून फोनवर फिरवला. उंबरगावच्या कंपनीतल्या ठेकेदाराने तो पाहिला. उद्यापासून येऊ नको म्हणाला.

बायकोने दोघींना आत घेतलं, चहा दिला. मुलगी टेबलावरचा पेपर चाळत होती. वरची मोठी बातमी वाचली. मग विचारलं, "कथित म्हणजे?"

"सांगितलेलं."

"कोणी?"

मला सांगता आलं नाही.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

तो प्रश्न डोक्यातून जात नाही. कथित. सांगितलेलं. सांगणारा शब्दातून गळून पडलेला.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "शेजारच्या मंदाच्या पोरीचं जमलं म्हणे." मी विचारलं, कोण म्हणालं? "दूधवाली." झालं. दूधवालीला किती मानायचं ते आपण ठरवायचं.

आपल्याकडे 'म्हणे' हा शब्द आहे. लहानपणी आजी प्रत्येक गोष्ट त्यावरच चालवायची. 'म्हणे' वाक्याच्या शेवटी येतो आणि सगळ्या वाक्यालाच दाराबाहेर थांबवतो: आधी सांग, कुणाकडून आलंस. 'कथित' नामाला चिकटतो आणि त्याच्याबरोबर घरात शिरतो.

आणि 'कथितरीत्या'. 'कथितरीत्या मारहाण केली.' ही कुठली रीत? इंग्रजी कॉपीतला 'अलेजेडली' कुणीतरी घाईत मराठीत आणला, आम्ही सगळ्यांनी उचलला. मी पण.

७ एप्रिल

रात्री पत्रा वाजला. ट्रक असेल. नोव्हेंबर २०१८ पासून पत्रा वाजला की आधी बाहेर, मग विचार.

धुंदलवाडीच्या भूकंपांचे ते महिने. लोक तंबूत झोपायचे. 'आज रात्री मोठा हादरा येणार म्हणे' हे रोज संध्याकाळी. भूकंपाची वेळ आधी कुणालाच सांगता येत नाही, हे मी तेव्हा तीनदा छापून आणलं. तरी रोज संध्याकाळी तेच. १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ चा धक्का. दोन वर्षांची मुलगी धावपळीत गेली. भीती सगळीच खोटी नव्हती. हे विसरून अफवेबद्दल लिहू नये.

८ एप्रिल, मंगळवार

माळ्यावरून कात्रणांच्या फायली काढल्या. वीस वर्षांच्या. माझ्याच बातम्या. वही घेऊन बसलो, शब्द उतरवले.

जेरबंद. गजाआड. मुसक्या आवळल्या. बेड्या ठोकल्या. सराईत. टोळीचा छडा. धुमाकूळ.

एकाच्याही मागेपुढे 'कथित' नाही. तो कुठे आहे? कंपनीच्या सांडपाण्यात. सोसायटीच्या कर्जात. पुढाऱ्याच्या पुतण्यात. एका जुन्या बातमीत, कोठडीत मारलं असं नातेवाईक म्हणाले तिथे: 'कथित मारहाण'. त्याच बातमीत चार ओळी वर, 'आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली'. कथित नाही.

ही 'कबुली दिली' मी किती वेळा लिहिली! पोलिसासमोर दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५, गेल्या जुलैपासून नव्या साक्ष अधिनियमाचं २३. कायदाच म्हणतो, कोठडीतल्या तोंडून निघालेलं धरू नका. आम्ही ते मथळ्यात धरतो. कबुली दिली, असं कोण म्हणालं? फौजदार. तेवढं तरी लिहावं.

ज्याचा वकील उद्या नोटीस पाठवू शकतो त्याला कथित. ज्याचा बाप वीटभट्टीवर आहे त्याला जेरबंद. असं कुणी मला शिकवलं नाही. हात आपोआप तसा वळत गेला.

रात्री जेवण गेलं नाही.

९ एप्रिल

डेस्कला फोन. "पण पोलिसांनीच सांगितलं होतं ना?"

हो.

१० एप्रिल, गुरुवार. डहाणू

कोर्टात एका कामाला गेलो. ओळखीच्या वकीलबाई भेटल्या. त्यांना म्हटलं, कथित लावलं की आपण सुटलो, असं आमच्यात समजतात. त्या म्हणाल्या, मुळीच नाही. बदनामीच्या कायद्यात बोलणारा जसा येतो तसा छापणाराही येतो. दुसऱ्याचं ऐकून छापलं, एवढ्याने हात झटकता येत नाहीत.

मग त्यांनीच दुसरं काढलं. बाईवर अत्याचार झाल्याची तक्रार येते, तुम्ही 'कथित बलात्कार' लिहिता. तुम्हाला वाटतं, सावध लिहिलं. वाचणाऱ्याच्या कानात 'तथाकथित' वाजतं. बाई खोटं बोलते, असं ऐकू येतं. 'तिने तक्रारीत म्हटले आहे' एवढंच लिहा. तक्रारीला तारीख असते. सही किंवा अंगठा असतो.

हे मला कधी सुचलं नव्हतं. एकच शब्द. एकाला मिळत नाही म्हणून तो मरतो, दुसरीला मिळतो म्हणून ती मरते.

चिकूचे ट्रेच्या ट्रे स्टेशनाकडे चाललेले. गाडी उशिरा.

११ एप्रिल, शुक्रवार. जोतीराव फुल्यांची जयंती

आगरकरांच्या डोंगरीच्या तुरुंगातल्या दिवसांवर पुन्हा वाचलं. १८८२. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे महाराजांचा छळ करतात, असं केसरी आणि मराठामध्ये आलं. आधार हाती आलेल्या पत्रांचा. कोर्टात पत्रं बनावट ठरली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची साधी कैद. प्रत्यक्षात १०१ दिवस. त्यांच्या जामिनासाठी जोतीरावांनी खटपट केली होती.

महाराजांविषयीची तळमळ खरी होती. पत्रं खोटी होती. तळमळ खरी असली की पत्र तपासायचं राहून जातं, हे मला त्या प्रकरणात दिसतं. पंचविशीतली माणसं होती ती. छापलं त्याची किंमत स्वतः भोगली. आमच्या सात ओळींची किंमत कोण भोगतंय? मी नाही.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती

विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा आजपासून. गर्दी महामार्गापर्यंत. सुकी मासळी, टोपल्या, पाळणे.

ध्वनिक्षेपकावर सारखं: मुलगा सापडला आहे, निळा सदरा, चार-पाच वर्षांचा, नाव सांगता येत नाही, मंडपापाशी बसवलं आहे. ऐकत उभा राहिलो. काय दिसतं ते सांगितलं. काय कळत नाही तेही सांगितलं. पोर कुठे आहे ते सांगितलं. यापेक्षा चांगली बातमी मी या महिन्यात वाचलेली नाही.

बातमीतल्या त्या मुलाला शोधत होतो गर्दीत. आला नाही. बहीण भेटली. म्हणाली, घरातून निघतच नाही.

१३ एप्रिल

काही नाही. उष्मा.

१६ एप्रिल, बुधवार

गडचिंचले. पाच वर्षं झाली.

मी त्या रात्री तिथे नव्हतो. सकाळी कळलं. टाळेबंदी, रस्ते ओस. दोन साधू आणि त्यांचा चालक, कांदिवलीहून सुरतेला गुरूंच्या अंत्यविधीला निघालेले. दादरा नगर हवेलीच्या हद्दीवरून परतवलेले. वनखात्याच्या चौकीपाशी गाडी अडली. पोलीस होते. पोलिसांसमोर जमावाने तिघांना मारलं. दोन दिवस आधी सारणीला एका डॉक्टरांवरही जमाव धावून गेला होता. ते वाचले.

आदल्या आठवड्यांत काय चाललं होतं ते मला आठवतं. पोरं पळवणारे फिरतायत म्हणे. मूत्रपिंडं काढतात म्हणे. रात्री चोर येतात, वेश बदलून येतात म्हणे. पाड्यापाड्यात रात्रीचे पहारे. मला स्वतःला असे निरोप आले. सुरुवातीला 'म्हणे' होतं. दुसऱ्याने पुढे पाठवताना थोडं छाटलं. तिसऱ्याच्या फोनवर सरळ: चोर फिरतायत.

'म्हणे' असाच पडतो. वाटेत कुणालाच तो जड झालेला नसतो, तरी प्रत्येक जण तोच आधी टाकतो.

माझा 'संशयित' पण तलासरी ते डेस्क एवढ्याच वाटेत पडला.

पहिल्या बातम्यांत शब्द होते 'चोर समजून'. चोर समजून मारलं. आज त्या दोन शब्दांवर बराच वेळ थांबलो. ते चोर होते असं त्यात नाही. लोकांना तसं वाटलं, एवढंच आहे. आणि वाटण्याचं ओझं वाटणाऱ्यावर टाकलंय. साधा 'समजून'. कथितला जे जमत नाही ते त्याला जमलं. कुणीतरी मराठीत विचार करून लिहिलं होतं ते.

मग दूरचित्रवाणीवर धर्म आला. ठरवून, जोरात. तेव्हा २२ एप्रिलला राज्याच्या गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करावी लागली, त्यात एकही मुसलमान नाही हे दाखवायला. यादी गरजेची होती, हे पटतं. तिच्यातलं एकेक नाव म्हणजे एकेक घर, हेही खरं. दोष सिद्ध होईपर्यंत ते आरोपी. 'मारेकरी' लिहायचं नाही. आणि 'कथित आरोपी' तर नाहीच. आरोपी म्हणजेच ज्याच्यावर आरोप आहे तो, त्याला आणखी कथित कशाला? काही पेपरांत दोन्ही छापलं जायचं, एकाच पानावर.

तिघं निष्पाप गेले. इथल्या माणसाला त्यांचं दुःख नाही, असं बाहेर लिहिलं गेलं. आहे. माझ्या ओळखीची एक म्हातारी या तारखेला दिवा लावते. तिने नाव सांगू नको म्हटलंय.

१७ एप्रिल, गुरुवार

सकाळी एका ग्रुपवर तोच फोटो. लाल गोल. खाली: 'आपल्या भागात फिरतोय, सावध राहा.'

हात थंड पडले. लगेच लिहिलं: 'याला २ एप्रिललाच सोडलं आहे. गुन्हा नोंद नाही. ठाण्यात जाऊन मी स्वतः विचारलं आहे. बातमी मी दिली होती, ती चुकली.' खाली माझं नाव आणि नंबर.

पाठवून झाल्यावर लक्षात आलं, ठाण्यात मी गेलोच नव्हतो. उठलो, गाडी काढली. ठाणे अंमलदारांनी वही उघडून दाखवली. गुन्हा नाही. आता खरं झालं. त्या अर्ध्या तासात ते खरं नव्हतं.

दोघांनी अंगठा दाखवला. फोटो कुणी काढला नाही.

१९ एप्रिल, शनिवार

पाड्यावर गेलो. वाटेत तलवाडा लागतो. प्रत्येक वेळी तिथे गाडी हळू होते.

१० ऑक्टोबर १९४५. जमीनदारांच्या माणसांनी हूल उठवली: गोदावरीबाई परुळेकर तलवाड्याला येणार, त्यांच्या जिवाला धोका आहे, लाठ्याकाठ्या घेऊन या. तिकडे सरकारला कळवलं, वारली हत्यारं घेऊन जमतायत. लोक हजारोंनी आले, बाईंना वाचवायला. गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे गेले. वेठबिगारी मोडायला निघालेली माणसं एका खोट्या निरोपावर मेली. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' लिहिलं. इथे ते पुस्तक न वाचलेल्यांनाही ही गोष्ट माहीत असते.

त्या निरोपाला 'म्हणे' होतं की नाही, कुणास ठाऊक. असतं तरी बाईंवरच्या मायेपुढे टिकलं नसतं.

पाड्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली. मुलगा पडवीत पाठमोरा. मी म्हटलं, खुलासा छापून आणतो. आई म्हणाली, नाव पुन्हा नको. एकदा फिरलं, पुरे. तिचं बरोबर होतं. खुलाशात नाव आलं की न वाचलेल्यांनाही कळणार. नाव नसेल तर कुणाचा खुलासा?

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तो तसाच पाठमोरा म्हणाला, "छाप. नाव घाल. चोर म्हणून घातलंस तवा सगळा घातलास."

परत येताना दोनदा रस्ता चुकलो. पंचवीस वर्षांचा रस्ता.

२० एप्रिल, रविवार

खुलासा लिहिला. चार ओळींना दुपार गेली.

'३ एप्रिलच्या अंकात पान ५ वर दुचाकीचोर म्हणून ज्यांचे नाव छापले, त्यांना पोलिसांनी २ एप्रिल रोजीच सोडून दिले होते. दुचाकी त्यांच्या नातेवाईकाची असून कागदपत्रे पोलिसांनी पाहिली आहेत. त्यांच्यावर कोणताही गुन्हा नोंदलेला नाही. चुकीच्या बातमीबद्दल दिलगीर आहोत.' पुढे नाव.

तपासून पाहिलं. कुणी केलं, कधी, कशावरून. कथित नाही. समजते नाही. बोलले जाते नाही.

२१ एप्रिल

डेस्कवर पोचला. "बुधवारी लावतो." चांगला माणूस आहे. रात्री अकराला चार जिल्ह्यांची पानं एकटा लावतो. त्यालाही 'संशयित' जागेत बसवता आला नसेल. जेरबंद लहान शब्द आहे.

२२ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी पहलगामच्या हल्ल्याची बातमी.

२३ एप्रिल

२६ जण. तिघे डोंबिवलीचे. जिल्ह्याचं पान निघालंच नाही. खुलाशाची आठवणही काढू नये असा दिवस.

काल रात्री आकडा तासातासाला बदलत होता. एका वाहिनीवरच्या मुलीने मध्येच म्हटलं, आम्हाला अजून नक्की माहीत नाही. तिचा आवाज कापत होता. तेवढंच एक वाक्य लक्षात राहिलं.

२४ एप्रिल

ग्रुपवर फोटो, नावं, 'हाच तो'. 'म्हणे' कुठेच नाही.

ही म्हणाली, फोन ठेव आता.

२६ एप्रिल, शनिवार

डेस्कला भीत भीत विचारलं. तो म्हणाला, विसरलो नाही.

२७ एप्रिल, रविवार

आला. पान ७, तळाशी, एक कॉलम. नाव बरोबर. दिलगिरी राहिली. गुन्हा नसल्याची ओळ राहिली.

पण सुरुवात बदललेली: 'कथित दुचाकी चोरीप्रकरणी कथित आरोपी म्हणून ज्यांचे नाव...'

फोन केला. तो म्हणाला, सेफ साइड घातलं. त्याच्या मनात चांगलंच होतं. ३ तारखेला हवं होतं तेव्हा नव्हतं. आता चोरीच नाही, आरोपच नाही, आणि कथित दोनदा.

२८ एप्रिल, सोमवार

पाच अंक घेऊन पाड्यावर गेलो. मुलीने मोठ्याने वाचायला घेतलं. पहिल्याच शब्दापाशी थांबली. माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, तो शब्द काढ.

तिने बॉलपेन आणलं. पाचही अंकांत दोन्ही ठिकाणी आडवी रेघ मारली, सावकाश, पट्टी लावून. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आजूबाजूच्या झोपड्यांतून बाया येऊन उभ्या राहिल्या. आईने शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली.

मुलाने एक कात्रण काढून फोनच्या कव्हरात ठेवलं. मला म्हणाला, "पाणी पिऊन जा."

२९ एप्रिल, मंगळवार

दुपारी आईचा फोन. ठेकेदाराने कात्रण पाहिलं. सोमवारपासून ये म्हणाला म्हणे.

कोण म्हणालं, विचारलं. मामेभाऊ.

उद्या उंबरगावला जातो. ठेकेदारालाच विचारतो.